कलाभवनाच्या शहरात लहान उपग्रहाची कार्यशाळा हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अवकाशाविषयी येणारा मजकूर मी नेमाने वाचतो. चांद्रयान, गगनयान आणि अवजड प्रक्षेपक यांना त्यात मोठी जागा मिळते व ती मिळायलाच हवी. परंतु केवळ नवे तंत्रज्ञान तपासून पाहण्यासाठी सोडलेल्या लहान उपग्रहांची दखल क्वचितच घेतली जाते. अशाच एका रशियन उपग्रहाकडे वडोदऱ्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या अध्यापकांचे, लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या उपग्रहाचे नाव टीएनएस-०, म्हणजे तंत्रज्ञान चाचणीचा नॅनो उपग्रह. वजन सुमारे ५ किलो. मॉस्कोतील अवकाश उपकरणांच्या संशोधन संस्थेत तो अर्नोल्ड सेलिव्हानोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. शुक्राच्या पृष्ठभागाची पहिली छायाचित्रे १९७५ साली पाठवणाऱ्या व्हेनेरा यानांच्या कॅमेऱ्यांमागे हेच अभियंते होते. ग्रहांवर यंत्रे उतरवण्याच्या कामात हयात घालवलेल्या माणसाला एवढ्याशा उपग्रहात रस वाटावा, याचे मला फार अप्रूप वाटते. प्रोग्रेस या मालवाहू यानातून टीएनएस-० आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचला आणि २८ मार्च २००५ रोजी अंतराळवीर सालिझान शारिपोव्ह यांनी स्थानकाबाहेर येऊन तो स्वतःच्या हाताने, स्थानकाच्या प्रवासाच्या उलट दिशेला ढकलून दिला. वेग किंचित कमी झाला की उपग्रह थोड्या खालच्या कक्षेत येतो, तिथली फेरी लवकर पूर्ण करतो आणि स्थानकाच्या पुढे निघून जातो. त्यामुळे परत येऊन धडकण्याचे भय राहत नाही. स्वतंत्र प्रक्षेपकाचा खर्च वाचला, आणि त्या उंचीवरच्या विरळ हवेच्या घर्षणाने तो त्याच वर्षी खाली येऊन जळून गेल्यामुळे अवकाशात कचराही उरला नाही.

मात्र हाताने सोडलेला उपग्रह हे या प्रयोगाचे मर्म नव्हे. एरवी इतक्या खालच्या कक्षेतला उपग्रह एखाद्या भूकेंद्राच्या नजरेत एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे असतो, आणि दिवसातल्या बहुतेक फेऱ्यांत तर तो त्या केंद्रावरून जातच नाही. म्हणजे जगभर केंद्रे उभारा, नाहीतर वाट पाहा. रशियन अभियंत्यांनी निराळा मार्ग शोधला. सॅटेलाइट फोनची सेवा देणारे ग्लोबलस्टारचे उपग्रह सुमारे १,४०० किलोमीटर उंचीवरून फिरत होते. टीएनएस-० त्यांच्या खूप खाली होता. तेव्हा त्यात ग्लोबलस्टारचा मोडेम बसवून, जमिनीवरचा ग्राहक फोन करतो तसा त्याने वरच्या जाळ्याशी संपर्क साधावा आणि मॉस्कोत बसलेल्या माणसाने साध्या इंटरनेट जोडणीवरून त्याची खुशाली विचारावी, असा तो बेत होता. स्वतः सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा ‘ग्राहक’ त्या जाळ्याला चालेल का, वेगामुळे लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक मोडेमला झेपेल का, हे जमिनीवर बसून खात्रीने सांगता येत नाही. प्रयोगाचा मुख्य प्रश्न हाच होता, आणि संपर्क जुळल्यामुळे त्याचे उत्तर मिळाले. पुढे याच मालिकेतला दुसरा उपग्रह १७ ऑगस्ट २०१७ रोजी असाच हाताने सोडण्यात आला व तो सुमारे दोन वर्षे कक्षेत राहिला. त्याच स्पेसवॉकमध्ये तोम्स्क येथील पॉलिटेक्निक विद्यापीठाचा, थ्री-डी प्रिंटरवर घडवलेल्या सांगाड्याचा उपग्रहही सोडला गेला.

एवढ्याशा वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेणारे असतात. तो मला मान्य नाही. चाचणी उपग्रहाची योग्यता त्याच्या आकारावरून किंवा आयुष्यावरून ठरत नाही. त्याला प्रश्न कोणता विचारला होता आणि उत्तर किती स्पष्ट आले, यावरून ठरते. आपल्या आर्यभट्टचेच पाहा. १९७५ साली सोव्हिएत प्रक्षेपकावरून गेलेल्या त्या ३६० किलोच्या उपग्रहावरील वैज्ञानिक प्रयोग वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे अवघ्या काही दिवसांत थांबले. तरीही उपग्रह बांधण्याचा व चालवण्याचा जो अनुभव त्यातून हाती आला, त्यावरच पुढची सारी उभारणी झाली.

आता वडोदऱ्याविषयी. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले ते हाताने काम करून तंत्र शिकावे म्हणून, आणि आज त्याच परंपरेत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला, सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह २०१६ साली इस्रोच्या पीएसएलव्ही या प्रक्षेपकाने कक्षेत नेला. आपल्या विद्यार्थ्यांना तर सुरुवातीला अख्खा उपग्रह बांधण्याचीही गरज नाही. पीएसएलव्हीचा काम संपलेला चौथा टप्पा ‘पोएम’ या नावाने प्रयोगांचा मंच म्हणून वापरला जातो. वीज आणि स्थैर्य तो पुरवतो, आपण फक्त उपकरण बनवायचे. खासगी व शैक्षणिक संस्थांना अशा कामासाठी परवानगी आणि साहाय्य देणाऱ्या ‘इन-स्पेस’चे मुख्यालयही दूर नाही, अहमदाबादेत आहे.

म्हणून विद्यापीठाच्या अधिष्ठात्यांना माझी विनंती आहे की, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र आणि धातू अभियांत्रिकीच्या मुलांचा एक संयुक्त गट येत्या सत्रातच स्थापन करावा, पहिले वर्ष त्याने विचारायचा एकच प्रश्न नक्की करण्यात घालवले तरी त्याला घाई करू नये, आणि तोवर छतावर एक साधा अँटेना उभारून, डोक्यावरून जाणाऱ्या हौशी रेडिओच्या उपग्रहांचे संदेश पकडण्याचा सराव सुरू करावा. अँटेना व रिसीव्हरच्या खर्चातला काही वाटा उचलण्याची माझ्यासारख्या माजी विद्यार्थ्यांची तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता
दांडिया बाजार, वडोदरा