गुणतक्त्याचा तळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर आय-लीग या देशातल्या फुटबॉल स्पर्धेचा गुणतक्ता येतो, पण तो वरच्या पाच संघांचा. पाचव्याखाली रेघ मारली की लगेच कुठल्या तरी क्रिकेटपटूचा जाळ्यात सराव करतानाचा फोटो. बाकीचे संघ जगले की बुडाले, म्हणजे तळाला राहून खालच्या श्रेणीत ढकलले गेले, हे बघायला आम्ही मोबाईल काढायचा. माझा भाचा इथेच बडोद्यात शाळेच्या संघाकडून खेळतो. परवा पेपर माझ्यापुढे टाकून म्हणाला, "मामा, खरी मारामारी खाली चाललीये आणि यांनी तेवढंच कापलंय!" त्याचे मला पटले, म्हणून हे पत्र.

वरच्या संघांच्या बातमीला किंमत नाही असे माझे म्हणणे नाही. पण 2024-25 च्या मोसमात काय झाले ते आठवा. शेवटचे सामने एप्रिलमध्ये संपले आणि विजेता ठरला जुलैमध्ये, तोही स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात. इंटर काशी हा क्लब विजेता ठरल्याच्या या निकालाला आपण ठळक मथळा दिलात, योग्यच केलेत. त्याच मोसमात दिल्ली एफसी आणि एससी बंगळुरू तळाला राहून खालच्या श्रेणीत गेले, त्याची मात्र ओळही नव्हती. एका घसरणीत प्रायोजक जातात, खेळाडू पांगतात, कधी कधी क्लबच मिटतो.

मुंबई एफसी कोणाला आठवतो का? 2007 मध्ये निघालेला क्लब, घरचे मैदान कधी कूपरेज तर कधी पुण्याचे बालेवाडी. 2009 ते 2016 खालिद जमील तिथे प्रशिक्षक होते. पैसा बेताचा, त्यामुळे विजेतेपदाचे नाव कोणी काढत नसे. आधी बचाव घट्ट करायचा, गोल खायचा नाही, जमला तर एखादा मारायचा, नाहीतर एक गुण खिशात घालून घरी यायचे. बघायला रटाळ खेळ, मान्य आहे. पण मोसमामागून मोसम तो संघ तळाच्या वर राहिला. जमील गेले आणि पुढच्याच मोसमात, 2016-17 ला, मुंबई एफसी शेवटचा आला. मग क्लबला कुलूपच लागले. मुंबईसारख्या शहरातला क्लब गेला आणि कोणाला फारसे कळलेही नाही.

जमील तोवर मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले होते. हा संघ आदल्या मोसमात नऊ संघांत आठवा होता. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण तो थेट प्रवेश मिळालेला नवा संघ, त्याला घसरणीतून सूट! म्हणून शेवटचा राहिला आणि आठवा खाली गेला. (पुण्याचा संघ वाचला म्हणून मीही तेव्हा खूश होतो, पण खुशीला न्याय म्हणत नाहीत.) पुढे गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतल्यावर आयझॉलला परत बोलावले. त्याच संघाने 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये तिथल्या लाजोंग संघाशी 1-1 बरोबरी साधून आय-लीग जिंकली. तळाशी तग धरायला शिकलेले हेच जमील ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

सूट देण्याची सवय फक्त आपल्याकडचीच नाही. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत 1986 पर्यंत तळाच्या संघांना ठेवायचे की काढायचे, याचे इतर क्लब मतदान करत. अर्थात आपलेच लोक, सांभाळून घेत. 1987 पासून नियम आला की जो शेवटचा तो खाली. त्या पहिल्याच वर्षी 9 मे रोजी टॉर्की युनायटेड हा क्लब क्रू या संघाविरुद्ध मध्यंतराला 2-0 ने मागे होता. टॉर्कीच्या मॅकनिकोलने एक गोल फेडला. मग सामना संपत आला असताना पोलिसांचा कुत्रा त्याच मॅकनिकोलच्या मांडीला चावला! मलमपट्टीत गेलेला वेळ पंचांनी वाढवून दिला आणि त्या वाढीव वेळेत पॉल डॉब्सनने बरोबरी साधली. टॉर्की आणि लिंकन या दोन्ही संघांचे 48 गुण, गोलफरकावर लिंकन खाली गेला. पूर्वी दोनदा इंग्लंडचा विजेता ठरलेला बर्नली त्या दिवशी जिंकून एका गुणाने वाचला. मतदान असते तर त्या दुपारी एवढे काही घडले असते का?

आणि आपली आयएसएल, म्हणजे आय-लीगच्या वरची इंडियन सुपर लीग? 2014 पासून 2024-25 पर्यंत तिथून एकही संघ खाली गेलेला नाही. मोहम्मेडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकून, म्हणजे कष्टाने, वर आला, पहिल्याच मोसमात तेरावा म्हणजे शेवटचा आला आणि तिथेच राहिला. आपल्या गुजरात सुपर लीगचेही तेच. 2024 मध्ये सहा संघांनिशी सुरू झाली, त्यात वडोदरा वॉरियर्स हा आपला संघ. त्या मोसमाचे सामने अहमदाबादला झाले, आणि शेवटचा येणाऱ्याला काहीच गमवावे लागले नाही. मग उन्हात बडोदेकर कशाला जीव टांगणीला लावील?

तळाची झुंज कशी बघतात ते शेव-उसळीच्या गाडीवर या म्हणजे दिसेल. मागच्या मोसमात आम्ही चौघे-पाच जण एक मोबाईल पाण्याच्या जगाला टेकवून तळाच्या दोन संघांचा सामना बघत होतो. पडद्यावर तर्रीचा ओघळ आलेला, पुसायलाही कोणी तयार नाही. अर्धा तास गोल नाही, तरी पाव हातात तसाच. गाडीवाला स्वतः क्रिकेटवाला, पण झारा हातात घेऊन वाकून विचारू लागला, "यातला बुडतोय कोणता?" विजेता कोण होणार हे मात्र त्याने एकदाही विचारले नाही.

तेव्हा विनंती एवढीच की आय-लीगचा आणि जमल्यास तिच्या खालच्या आय-लीग 2 चा गुणतक्ता पूर्ण छापा, निदान मोसमाच्या शेवटच्या महिन्यात तरी. खाली घसरणाऱ्या जागा कोणत्या हे रेघ मारून दाखवा. चार-सहा ओळींची जागा लागेल. सरावाचा तो फोटो तेवढा वरून कापला तर कोणाची हरकत असेल असे वाटत नाही.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे