धार काढणाऱ्या हातांचे दुखणे

दूधदराच्या बातम्या रोज वाचतो. धार काढणाऱ्या हातांविषयी मात्र कधी काही वाचनात येत नाही. आमच्या गोठ्यात चार म्हशी. आई तीसेक वर्षं पहाटे आणि संध्याकाळी उकिडवी बसून, गुडघ्यांत कासंडी धरून धार काढते. आता सकाळी उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. कपबशीही दोन्ही हातांनी उचलते. अंगठा दुमडून पिळायची जुनी सवय! पशुवैद्यक सांगतात, पूर्ण मुठीने पिळा. पण तेही म्हशीच्या सडाला इजा होऊ नये म्हणून. आईच्या अंगठ्याची चौकशी कोणी केल्याचं आठवत नाही.

संकलन केंद्रावर 40 लिटरचा कॅन भरला की नुसतं दूधच 41 किलोंच्या आसपास, वर कॅनचं वजन. तो टेम्पोत चढवणारी पोरं तिशीतच कंबरेला पट्टा बांधून हिंडतात. निदान टेम्पोच्या फाळक्याइतका उंच ओटा तरी केंद्रावर बांधावा. आणि दूध संघांनी जनावरांच्या शिबिराच्या मांडवातच एखादा फिजिओथेरपिस्टही बसवावा. आईला मी परवा सुताराकडून वीतभर उंचीचा पाट करून आणलाय. अजून ती त्यावर बसायला तयार नाही, म्हैस बिचकते म्हणते.

— एक दूध उत्पादक, ता. कागल, जि. कोल्हापूर