फॉर्मवर सही करण्याआधी

हर्न्डन, व्हर्जिनिया
रविवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल तुझं कपाट आवरताना बुटांच्या खोक्यात अकरा पाकिटं सापडली. एक फोडलेलं होतं, ते मी वाचलं. कार्डाचे ९,४०० डॉलर, वसुली एजन्सीकडे गेलेले. बाकीची दहा तू उघडलीही नाहीस. तुला न विचारता वाचलं, त्याबद्दल रागावू नकोस.

रात्री झोप लागली नाही ती रकमेमुळे नाही. गोपनीय सरकारी कामाच्या परवानगीचा, म्हणजे क्लिअरन्सचा, फॉर्म भरण्यावरून फोनवर तू म्हणालास, "आई, सात वर्षांनी ते आपोआप पुसलं जातं, मग सांगायचं कशाला?" ते डोक्यातून जाईना. बाळा, क्रेडिट रिपोर्टवरून नोंद गेली म्हणजे देणं फिटलं, असं क्लिअरन्स देणारे धरत नाहीत. शिवाय तुझी सात वर्षं झालीत कुठे? त्या फॉर्मच्या, एसएफ-८६ च्या, सव्विसाव्या भागात सरळ विचारलंय: गेल्या सात वर्षांत एखादं खातं वसुलीला गेलं का, एखादं देणं १२० दिवसांच्या वर थकलं का. तुझं उत्तर दोन्हीला "हो" आहे. क्रेडिट रिपोर्ट ते मागवतातच. तिथे जाणूनबुजून "नाही" लिहिलंस, तर पैशांचा प्रश्न बाजूला राहील आणि तुझ्या सचोटीवर बोट ठेवलं जाईल. केंद्र सरकारला खोटी माहिती देणं हा गुन्हाही आहे.

कर्जाला ते एवढे का घाबरतात, असं तू विचारलंस. आल्ड्रिच एम्स सीआयएत होता. कर्ज डोक्यावर होतं, म्हणून १९८५ साली सोव्हिएत वकिलातीत जाऊन त्याने ५०,००० डॉलर मागितले. १९९४ मध्ये पकडला गेला, तोवर त्याने सोव्हिएतांना फोडलेल्या अमेरिकेच्या हेरांपैकी कित्येकांचे जीव गेले होते. तू तसा नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण तुझी फाईल वाचणारा माणूस तुला ओळखत नाही, त्याच्यापुढे फक्त कागद असतात.

आणि ते कागद तुझ्या बाजूनेही बोलू शकतात. २०१७ पासून लागू असलेल्या नियमांत नोकरी जाणं, आजारपण ही कारणं मान्य केली आहेत. तुझी नोकरी गेली, त्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन. हे तुझ्या हातात नव्हतं. पण त्यानंतर तू जबाबदारीने वागलास का, हेही तिथेच विचारतात. ती दहा पाकिटं बघून मी काय उत्तर देऊ, सांग.

आबांनी कराडला सोसायटीचं कर्ज फेडलं, तेव्हा प्रत्येक हप्त्याची पावती स्वयंपाकघराच्या दाराआड तारेत ओवून ठेवायचे. धुराने पिवळ्या पडलेल्या, कडा कुरतडलेल्या. कर्ज फिटल्यावरही ती तार काढू दिली नाही. तुला तेच करायचं आहे. एजन्सीला फोन कर, आधी कर्जाचा तपशील लेखी माग, आकडा चुकीचा वाटला तर हरकतही लेखी घे. मग झेपेल एवढाच हप्ता ठरव, दीडशे डॉलर का असेना, आणि एकही चुकवू नकोस. ठरलेलं सगळं कागदावर घे, बँकेची प्रत्येक नोंद जपून ठेव. हप्ता सुरू करून मग फॉर्म भर, आणि त्यात सगळं खरं लिही. क्लिअरन्स मिळाल्यावरही सुटका नाही, हल्ली त्यांची नजर कायम असते.

बाबा म्हणतात, एकरकमी भरून टाकू. मीच नको म्हटलं. त्यांचं मन मोठं आहे, पण कर्ज निस्तरण्याचा प्रयत्न तू स्वतः केलास, हे तुझ्या फाईलीत दिसायला हवं. हप्ता जड जाईल त्या महिन्यात आम्ही आहोतच.

मंगळवारी कामावरून सुटलास की इकडेच ये. आमटी-भात करते. पाकिटं जेवणाच्या टेबलावर ठेवली आहेत, तशीच बंद. तू एकेक फोड, मी शेजारी वही घेऊन बसते.

तुझी,
आई