तुमच्या खोलीचं हीटिंग

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या घराचा ताबा मिळाला. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, खोली तापवायच्या बटणाचा एवढा काय विचार? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्वयंपाकघरात पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर आहे आणि खोल्याखोल्यांत त्या पाण्याने तापणारे रेडिएटर. तापमान बघून बॉयलर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट मात्र अख्ख्या घराला मिळून एकच, तोही हॉलमध्ये. हॉल तापला की बॉयलर बंद, आणि उत्तरेकडची तुमची खोली गारच. ते मला चालणार नव्हतं. आता प्रत्येक रेडिएटरला वेगळा स्मार्ट व्हॉल्व बसवतोय, म्हणजे त्या खोलीपुरतं गरम पाणी आपणहून कमी-जास्त करणारी चावी. तुमच्या खोलीला ऊब हवी असली की तिथला व्हॉल्वच बॉयलर चालू करेल. जागतिक आरोग्य संघटना थंड प्रदेशातल्या घरांत निदान १८ अंश ठेवा म्हणते, वयस्कर माणसांना त्याहून जास्तही लागतं. तुमची खोली रात्रीसुद्धा २० वर राहील. बाबा, बिलापायी ती कमी करायची नाही.

निवडताना माझी अट एकच होती, फोनशिवाय चाललं पाहिजे. गूगलने २०२५ मध्ये आपल्या नेस्ट नावाच्या सुरुवातीच्या स्मार्ट थर्मोस्टॅटांना ॲपवरून चालवणं बंद केलं. भिंतीवर हाताने ते चालतात, एवढंच. आमचे व्हॉल्व इंटरनेट गेलं तरी हाताने फिरतात. आई, तुझ्या पलंगाजवळच्या रेडिएटरची गोल चकती तू हवी तेव्हा फिरव, कुणाला विचारू नकोस. फक्त थंडी वाजली म्हणून एकदम २८ वर नेऊ नकोस. त्याने खोली लवकर तापत नाही, मागाहून उकडतं मात्र.

रेडिएटरला हात लावलात तर फार कडक लागणार नाही. बिघडलाय असं समजू नका. बॉयलरमधून जाणारं पाणी आम्ही मुद्दाम ५५ अंशांवर ठेवतोय. परत येणारं पाणी पुरेसं थंड असलं की धुरातल्या वाफेचं बॉयलरमध्येच पाणी होतं आणि त्या वाफेतली उष्णता वाया न जाता घराला मिळते. गॅस कमी लागतो. बाबा, बचत करायची ती इथे, तुमच्या उबेत नाही.

आणि आई, व्हॉल्ववर ओला टॉवेल टाकू नकोस, त्याला खोलीचा खरा अंदाज येत नाही. कपड्यांसाठी वेगळा स्टँड आणलाय.

तुला अजून पहाटे चारलाच जाग येते का? कळव, म्हणजे त्याआधी अर्धा तास खोली २१ वर येईल असं लावून ठेवते.

तुमची,
मनू