बँकॉक-पट्टाया सहलीत लेखी कबूल केलेलं हॉटेल आणि बाजारभेट न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
राजारामपुरी शाखा, कोल्हापूर

दिनांक: १८ ऑगस्ट २०२५

विषय: कौटुंबिक सहलीतील गैरसोयीबद्दल परतावा व टीसीएसचं (सहलीच्या पैशांबरोबर कंपनीने गोळा केलेल्या आयकराचं) प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय,

मेच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे तुमच्या कंपनीबरोबर थायलंडला जाऊन आलो. परत आल्यापासून शाखेत खेटे घालतेय, ई-मेल करतेय. "मुंबई ऑफिसला कळवलंय" यापलीकडे उत्तर नाही. म्हणून आता हे पत्र पोच घेऊन देत आहे.

बुकिंगच्या वेळी मी दोन गोष्टी धरून बसले होते. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, तेव्हा हॉटेलला चालू लिफ्ट हवी. आणि रविवारी बँकॉकचा चतुचक बाजार हवा. तुमच्या प्रतिनिधीने दोन्ही गोष्टी कार्यक्रमपत्रिकेत छापून दिल्या. दुसरीकडे स्वस्तात सहल मिळत असताना आम्ही तुमच्याकडे आलो ते त्या कागदावर विश्वास ठेवून.

चतुचकचा आग्रह सासूबाईंचा होता. उभं आयुष्य त्या महाद्वार रोडवरच्या आमच्या साड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसल्या. एका आवारात पंधरा हजारांवर दुकानं, २७ विभाग, मधोमध घड्याळाचा मनोरा, हे त्यांनी नातीच्या मोबाईलवर पाहिलं आणि तेव्हापासून तो बाजार एकदा डोळ्यांनी बघायचा असं त्यांच्या मनात होतं. हा बाजार पूर्ण भरतो तो शनिवार-रविवारीच. थायलंडच्या सहली काढणाऱ्या कंपनीला हे कुणी सांगावं लागू नये.

तरीही शनिवारी विमानतळावरूनच बस पट्टायाला नेली. मी विचारलं तर टूर मॅनेजर म्हणाले, "क्रम बदललाय फक्त, ठिकाणं तीच आहेत." सोमवारी बँकॉकला आल्यावर बस चतुचकपाशी थांबवली आणि त्यांनी यादीत बरोबरची खूण केली. बाजाराची शटरं बंद होती. याला तुम्ही बाजारभेट म्हणता?

आणि ज्या रविवारी आम्ही चतुचकला असायला हवं होतं, त्या दिवशी आम्हाला पट्टायात एका रत्नांच्या दुकानात नेलं. आधी खाणींची फिल्म, मग काचेची कपाटं, प्रत्येक कुटुंबामागे एक विक्रेता, आणि बाहेरचं दार अगदी दुसऱ्या टोकाला. तिथून एका चामड्याच्या दुकानात. अर्धा दिवस त्यातच गेला. "घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण वेळ पूर्ण करावा लागतो," असं गाईडने स्वतः सांगितलं. ही दोन्ही दुकानं कार्यक्रमपत्रिकेत कुठेही नाहीत. कमिशनच्या दुकानांसाठी आमचा रविवार खर्ची पडला, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. तसं नसेल तर क्रम का बदलला, ते लेखी कळवा.

हॉटेलबद्दल. कागदावर बँकॉकच्या सुखुमवित भागातलं, बीटीएस या शहरी रेल्वेच्या स्टेशनजवळचं हॉटेल होतं. मिळालं ते भलतंच, गल्लीत आत, आणि लिफ्ट बंद. खोल्या तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून चढत होत्या. प्रत्येक वळणावर आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचो, आणि ती खुर्ची माझी मुलगी पुढच्या वळणावर नेऊन ठेवायची. खालची खोली मागितली तर टूर मॅनेजर म्हणाले, "दुरुस्तीला माणूस येतोय." आम्ही तिथून निघेपर्यंत तो आला नाही. रात्री एसीचं पाणी पलंगावर ठिबकत होतं. हॉटेलवाल्यांनी पलंग सरकवून खाली बादली ठेवली. त्या पाण्याचं मला एवढं काही नाही, जिन्याचं आहे. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे गुडघे सुजले होते.

तशाही अवस्थेत त्या बँकॉकमधल्या प्रातुनामच्या कपड्यांच्या बाजारात उतरल्या. एकाच दुकानातून तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो, हे त्यांनी शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघूनच ओळखलं. भाषा येत नसताना कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवत त्यांनी भाव केला, आणि त्या दुकानदारीणबाईंनी हसून हात जोडले. सबंध सहलीत मी त्यांना तेवढ्याच वेळी खुललेलं पाहिलं. तासाभरात बसचा हॉर्न वाजू लागला. रत्नांच्या दुकानाला अर्धा दिवस, आणि इथे तास!

पासपोर्ट "सुरक्षिततेसाठी" टूर मॅनेजरांनी गोळा करून ठेवले होते. मॉलमध्ये एका दुकानातून एका दिवसात दोन हजार बाथच्या वर खरेदी झाली, की पर्यटकाला ७ टक्के व्हॅटपैकी बराचसा भाग परत मिळतो. पण दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म करून घ्यावा लागतो. आमचा तो झालाच नाही.

एक हिशेबाची गोष्ट. एप्रिलमध्ये पैसे भरताना तुम्ही ५ टक्के टीसीएस घेतला. तो माझ्या पॅनवरच्या २६एएसमध्ये, म्हणजे जमा कराच्या विवरणात, अजून दिसत नाही आणि त्याचं २७डी नमुन्यातलं प्रमाणपत्रही मिळालेलं नाही. ही रक्कम सरकारात भरून माझ्या नावावर दाखवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. भरली असेल तर प्रमाणपत्र द्या. नसेल तर हा प्रश्न आयकर खात्याकडे जाईल.

माझी मागणी अशी: कबूल केलेल्या आणि दिलेल्या हॉटेलच्या दरांतला फरक, बुडालेल्या रविवारची भरपाई, २७डी प्रमाणपत्र, आणि सासूबाईंना झालेल्या त्रासाबद्दल त्यांच्या नावे लेखी दिलगिरी. शेवटची गोष्ट मी पैशांइतकीच महत्त्वाची मानते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. तुमच्या फॉर्मवर "वाद मुंबईतच" अशी अट आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. अर्ज तयार आहे.

सोबत: कार्यक्रमपत्रिका, पैसे भरल्याची पावती, बंद लिफ्टचे व चतुचकच्या बंद दुकानांचे फोटो, सासूबाईंच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

आपली,
(सही)
महाद्वार रोड, कोल्हापूर