दातांमुळे नव्हे, बाय

डिचोली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाळाला दात येताहेत गं आई, म्हणून शी पातळ होतेय." मी हूं म्हटलं, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हे तुला मीच शिकवलंय, आणि ते चूक आहे.

तू दहा महिन्यांची होतीस. पावसाळा, विहिरीचं पाणी गढूळ. तुला ढाळ लागले तेव्हा मीही हेच म्हणत बसले. वर तुझं पाणी तोडलं! पाजावं तेवढं खालून जातं, मग पाजायचं कशाला, हा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी तुझे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडलीस तरी टिपूस नाही. डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटची लघवी कधी झाली?" मला सांगता आलं नाही.

दात येतात त्याच वयात पोर रांगतं, हिरड्या शिवशिवतात म्हणून दिसेल ते तोंडात घालतं. जुलाब त्या घाणीतून येतात, दातांतून नव्हे.

ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेची, मोठी पुडी अख्खी, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात. चतकोर पुडी वाटीत कालवू नकोस, प्रमाण बिघडतं. साखर मिठाला हाताशी धरून आतड्यातून आत नेते, पाणी त्यांच्या मागोमाग जातं. म्हणून दुकानातलं नुसतं गोड सरबत चालत नाही. दर शीनंतर अर्धा कप, चमच्याचमच्याने. ओकला तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. उरलेलं 24 तासांनी ओतून टाक.

1971 साली पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना हेच पाणी पाजायला लावलं, तेही बरंचसं नातेवाइकांच्या हातून. सलाईन संपत आलं होतं ना! मग आपल्याला का जमू नये?

अंगावरचं दूध तोडू नकोस. पेज, मऊ भाताची आटवल, खाईल ते दे. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून 14 दिवस, जुलाब थांबले तरी. शीत रक्त दिसलं, पोर मलूल पडलं किंवा पाणीच पोटात ठरेना, तर माझ्या फोनची वाट न बघता दवाखाना गाठ. जुलाब बंद करायचं औषध मात्र स्वतःच्या मनाने देऊ नकोस.

मी शनिवारच्या कदंबा बसने येते. तोवर रोज संध्याकाळी फोन कर आणि दिवसभरात लंगोट किती वेळा ओला झाला तेवढं सांग.

तुझी,
आई