बाळंतिणीच्या मनातलं कोण विचारणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी भोर तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आम्ही घरी जातो. बाळाचं वजन, ताप, नाळ बघतो. आईला विचारायचे प्रश्नही ठरलेले आहेत : जेवण किती वेळा, रक्तस्राव किती, ताप येतो का, असंबद्ध बोलते का, झटके येतात का.

आमच्याकडची एक बाळंतीण या सगळ्यात ठीक होती. बोलणं सरळ, बाळाचं वजन वाढत होतं. फक्त घरातली विळी तिने माळ्यावर टाकली होती आणि भाजी चिरायला ती बसत नव्हती. घरच्यांना वाटलं, कामाचा कंटाळा. मग अंगारा झाला, उतारा झाला. एकदा सासूबाई दळणाला गेल्या तेव्हा ती म्हणाली, "ताई, विळी दिसली की मनात येतं, माझ्या हातून बाळाला काही झालं तर? दिवसभर तेच. मी आई म्हणायच्या लायकीची आहे का?"

याला मंत्रचळ (ओसीडी) म्हणतात, म्हणजे नको असलेला विचार मनात सारखा येत राहण्याचा आजार, हे जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलं. बाळंतपणानंतर तो सुरू होऊ शकतो किंवा बळावतो. असा विचार आला म्हणजे ती बाई तसं करणार, असं मुळीच नसतं. तिला त्या विचाराची किळस येते, म्हणून तर ती विळी लपवते. पण लपवल्याने भीती पक्की होते. "मी काही करणार नाही ना?" असं ती नवऱ्याला सारखं विचारायची, तो "नाही गं" म्हणायचा, आणि तासाभरात पुन्हा तोच प्रश्न. डॉक्टरांनी घरच्यांनाही समोर बसवलं. विळी खाली आली. बाळ शेजारी झोपलेलं असताना ती आधी थोडा वेळ, मग रोज भाजी चिरू लागली. विचार आला तर येऊ द्यायचा, त्याच्याशी वाद घालायचा नाही. अंगावर पाजताना चालणारी गोळीही मिळाली. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगायला हवं, नाहीतर गोळ्या मध्येच बंद होतात.

मात्र बाळंतिणीला आवाज ऐकू येत असतील, बाळाबद्दल भलताच समज खरा वाटू लागला असेल किंवा झोपच उडाली असेल, तर तो वेगळा आजार असतो. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं आणि तोवर एकटं सोडू नये.

माझी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे. "असंबद्ध बोलते का" या प्रश्नात अशी बाई सापडत नाही, कारण ती अगदी नीट बोलते. आमच्या फॉर्ममध्ये "नको असलेले, घाबरवणारे विचार सारखे येतात का?" हा एक प्रश्न घाला, आणि तो बाळंतिणीला एकटीला गाठून कसा विचारायचा, याचं प्रशिक्षण आम्हाला द्या. तोवर बाळंतिणींनी किंवा त्यांच्या घरच्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

– एक आशा स्वयंसेविका, ता. भोर, जि. पुणे